बॉम्बे नावाचं मांजर

'बॉम्बे'चं अधिकृतपणे 'मुंबई' झालं ते १९९५ साली. तेव्हा वाटलं होतं, आता हा शब्द हळूहळू पुसला जाईल. पण नावं अशी सहजासहजी मरत नाहीत. इंग्रजीत आपलं उच्च न्यायालय अजून बॉम्बे हायकोर्टच आहे आणि पवईची आयआयटी अजून बॉम्बेचीच. आपल्या सुक्या बोंबलाला साहेबाने 'बॉम्बे डक' म्हणून बदक करून टाकलं, ते बदक अजून बदकच राहिलंय. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अतिशय दुर्मिळ रक्तगट शोधून काढला, त्याला सगळं जग 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. बोंबील आपला, रक्तगट आपल्याकडे सापडलेला, तेव्हा या नावांबद्दल तक्रार नाही. पण या यादीत एक पाहुणं आहे. ते मुंबईत जन्मलं नाही, मुंबईहून गेलं नाही आणि नाव मात्र बॉम्बे. ते म्हणजे बॉम्बे जातीचं मांजर.

मला हे कळलं ते न्यू जर्सीला लेकीकडे राहायला गेले तेव्हा. तिच्याकडे हे मांजर आहे. मांजरी. नातीने तिचं नाव 'शाई' ठेवलंय. काळी म्हणजे किती काळी, तर केस फुंकर मारून बाजूला केले तरी मुळाशी काळेच. नाक काळं, ओठ काळे, पंजांच्या गाद्यासुद्धा काळ्या. अंगावर आखूड, चापून बसवलेले केस. ही जात पाळणारे लोक तिच्या अंगाला पेटंट लेदरच्या बुटाची आणि डोळ्यांना कोऱ्या पेनीची उपमा देतात. मला तिचे डोळे बघून दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासलेला आमचा तांब्याचा बंब आठवला.

"आजी, ही तुमच्या मुंबईची आहे ना?" नऊ वर्षांच्या नातीचा प्रश्न. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. अशा प्रश्नाला "असेल बाई" म्हणून सोडून देणं माझ्या रक्तात नाही. मग लेकीच्या लायब्ररी कार्डावर पुस्तकं आणली, इंटरनेट धुंडाळलं, आणि जे सापडलं ते इतकं मजेशीर निघालं की म्हटलं ब्लॉगवर टाकू या.

तर ही जात तयार झाली अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावात. घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. तिथे निकी हॉर्नर नावाच्या बाई मांजरांची पैदास करत. १९५०च्या दशकात त्यांच्या डोक्यात आलं की घरात ठेवता येईल असा एक छोटासा काळा बिबट्या आपण तयार करायचा. खराखुरा बिबट्या नव्हे हं, दिसायला तसा. त्यांनी गडद तपकिरी रंगाचं बर्मीज मांजर आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर मांजर यांचा संकर सुरू केला. बर्मीजची तुकतुकीत कातडी, गोल डोकं आणि माणसाळलेपण घ्यायचं, आणि दुसऱ्याकडून काळा रंग आणि तांबूस डोळे. पहिले प्रयत्न फसले. काळी मांजरं झाली, पण साधीच. योग्य नर-मादी निवडण्यात वर्षं गेली. १९७० साली तिकडच्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने या जातीची नोंद करून घेतली आणि १९७६पासून तिला स्पर्धेत उतरायची मुभा मिळाली. म्हणजे दोन दशकं एका बाईने एका रंगाचा पाठलाग केला. विलायतेत ब्रिटिश शॉर्टहेअर आणि बर्मीजपासून असंच एक काळं बॉम्बे वेगळं झालं, ते जरा निराळं.

आणि नाव? काळा बिबट्या हिंदुस्थानातला, म्हणून हिंदुस्थानातल्या एका मोठ्या शहराचं नाव. बस्स, एवढंच. मला विचाराल तर यामागे बघीरा असावा. सामान्य अमेरिकन माणसाला हिंदुस्थानातला काळा बिबट्या माहीत झाला तो किपलिंगच्या 'जंगल बुक'मधून. पुस्तक १८९४चं आणि डिस्नेचा सिनेमा १९६७चा. आपल्याकडच्या मुलांनाही बघीरा भेटला तो दूरदर्शनवर. आता गंमत बघा, किपलिंगचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. त्याचे वडील तिथे शिकवत. पण बघीरा मात्र मुंबईचा नाही. पुस्तकात तो उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मतो आणि वावरतो मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात. मुंबईच्या पोटात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, अगदी बिल्डिंगच्या कुंपणापर्यंत येणारे. पण ते आपले ठिपक्यांचे. काळा बिबट्या हवा तर सह्याद्रीच्या ओल्या, दाट जंगलात, सिंधुदुर्ग-गोव्याकडे जायला हवं. २०१८ साली ताडोबात एक दिसला तेव्हा केवढी बातमी झाली होती आठवतं? कारण तसल्या कोरड्या रानात तो विरळाच.

'पँथर' शब्द आला की आमच्या पिढीच्या मराठी माणसाला वेगळंच काही आठवतं. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली. ते नाव घेतलं होतं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या 'ब्लॅक पँथर' चळवळीवरून. म्हणजे दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत एका काळ्या मांजराच्या नावापुढे 'बॉम्बे' लागलं आणि इकडे बॉम्बेतल्या तरुणांनी अमेरिकेतला पँथर आणला. एकाचा दुसऱ्याशी सुतराम संबंध नाही आणि दोन्हींची तुलना तर मुळीच करायची नाही. पण नावं समुद्र ओलांडून कुठल्या कुठे जातात, आणि तिकडे गेल्यावर एकासाठी शोभेची वस्तू होतात नि दुसऱ्यासाठी हत्यार, याचं मला नवल वाटत राहिलं.

असो. मग नातीला "नाही गं, ही मुंबईची नाही" एवढंच सांगून मोकळं व्हायचं का? मी तेच करणार होते, तेवढ्यात बर्मीजचा इतिहास वाचला. १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे ब्रह्मदेशातून एक अक्रोडाच्या रंगाची मांजरी आली. नाव वाँग माऊ. (मांजराला आपणही माऊच म्हणतो!) अमेरिकेतल्या झाडून साऱ्या बर्मीज मांजरांची ती आद्य माता. थॉम्पसननी तिची पिल्लावळ सयामी बोक्याशी जुळवून जुळवून हिशेब मांडला आणि सिद्ध केलं की ती सयामी-बर्मीज संकर होती आणि हा गडद तपकिरी रंग आनुवंशिक आहे. तो अभ्यास १९४३ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. आता इतिहासाच्या बाईंनी इथे एक प्रश्न विचारायला नको का? १९३० साली ब्रह्मदेश कुठे होता? ब्रिटिश हिंदुस्थानात! तो वेगळा झाला १ एप्रिल १९३७ला. लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला पाठवलं आणि मंडालेच्या थिबा राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, ते एकाच राज्याच्या दोन टोकांना. म्हणजे शाईची खापरपणजी त्या काळच्या नकाशाप्रमाणे हिंदुस्थानातूनच निघाली होती. नातीला मी हेच उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही. "मग हिचं नाव रंगून कॅट का नाही?" म्हणाली. बरोबर आहे तिचं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती हॉर्नरबाईंना त्यांच्या काळात कळणं शक्यच नव्हतं. सर्वसाधारण मांजराच्या प्रत्येक केसावर फिकट-गडद पट्टे असतात. ते पाडणारं एक जनुक असतं. त्यात बिघाड झाला की केस सरसकट काळा. घरच्या मांजरात हा बिघाड नेमका कुठे आहे ते २००३ साली सापडलं. अमेरिकेतला जो काळा जॅग्वार, त्याचं काळेपण वेगळ्याच जनुकातून येतं. पण २०१२ साली काळ्या बिबट्याची तपासणी झाली तेव्हा दिसलं, की तिथे बिघाड आहे त्याच जनुकात जे घरच्या मांजरात बिघडलेलं असतं. बिघाड निराळा, जनुक तेच. आणि दोघांतही तो आई आणि वडील दोन्हींकडून यावा लागतो, म्हणून ठिपक्यांच्या बिबट्या जोडप्याला एखादा काळा बछडा होऊ शकतो. उन्हात नीट पाहिलं तर काळ्या बिबट्याचे ठिपके दिसतात आणि काळ्या मांजराच्या पिल्लाच्या अंगावर पुसट पट्टेही. बाईंनी नुसता देखावा करायला घेतला होता, पण आतून तो निम्मा खरा निघाला.

देखावा म्हणते ते स्वभावावरून. दिसायला हा बिबट्या आणि स्वभाव मांडीवरच्या तान्ह्या बाळाचा. माझ्या माहेरी मांजर होतं, पण ते माळ्यावरचं. धान्याच्या कणगीपाशी उंदीर धरायचे हे त्याचं काम आणि रात्री उरलेला दूधभात हा त्याचा पगार. त्याला कुणी कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही, त्यालाही ते चाललं नसतं. शाईचं सगळं उलटं. मी पहाटे पाचला उठून लिहायला बसायची सवय तिकडेही सोडली नव्हती. पहिल्या आठवड्यात ती खुर्चीखाली, दुसऱ्यात वहीवर आणि मग कायमची मांडीत. ऊब तिला कुठून येते ते बरोबर कळतं. हीटरच्या झरोक्यावर, लॅपटॉपवर, नाहीतर पांघरुणात शिरून पायापाशी. कागदाचा बोळा फेकला की कुत्र्यासारखा परत आणून देते. दार वाजलं तर बाकीची मांजरं पलंगाखाली जातात, ही पुढे जाऊन कोण आलंय ते बघते. ओरडणं सयामीसारखं कर्कश नाही, पण बोलकी आहे. या जातीची बहुतेक मांजरं अशीच असतात असं पुस्तकंही सांगतात.

याची दुसरी बाजू अशी, की तिला एकटं राहवत नाही. लेक-जावई ऑफिसात, नात शाळेत. मी जाण्यापूर्वी ती रोज नऊ-नऊ तास बंद घरात एकटी असायची आणि संध्याकाळी दाराशी बसून रडायची म्हणे. पोटाची बेफाम खायची सवय लागली होती ती त्यामुळेच, असं मला वाटतं. ही जात तशीही खादाड. चार-साडेचार किलोची मांजरी सहा किलोवर गेली होती. माणसाला सोडवत नाही असा प्राणी मुद्दाम घडवायचा आणि मग त्याला अशा घरात ठेवायचं जिथे दिवसभर माणूस नाही, हे मला तिकडे सहा महिने टोचत राहिलं. लेकीलाही मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, माणसांचंही तेच आहे इथे." यावर काय बोलणार?

बाकी देखभाल म्हणाल तर अगदी थोडी. आखूड केस, त्यामुळे आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवायचा, मग मऊ फडक्याने पुसायचं, की अंग आरशासारखं. आंघोळीची गरज नाही. फार उन्हात बसली की काळा रंग तांबूस पडतो, आणि आहारात प्रथिनं कमी पडली तरी तेच होतं. दात मात्र बघावे लागतात. खाणं मोजून, दोन वेळा.

खाण्यावरून आठवलं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांना हे सांगायलाच हवं. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य बाहेरून लागतं, त्याचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही, आणि ते मिळतं मुख्यतः मांस-मासळीतून. ते कमी पडलं तर मांजर आंधळं होतं हे १९७५ साली कळलं आणि हृदय फुगून मरतं हे १९८७ साली. तुम्ही म्हणाल, आमच्या आजीची मांजरं दूधभातावर जगलीच की. जगली, कारण उरलेलं ती कणगीपाशी मिळवत होती! पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाही. तिथे नुसता दूधभात म्हणजे उपासमार. शिवाय पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आपल्याला मांस घरात नको असेल तर ते आपलं पथ्य, पण मग मांजर पाळायचं नाही. निदान मांजरांसाठीचं तयार खाणं तरी आणायचं. लेकीचं घर शाकाहारी आहे, तिने हाच मार्ग काढलाय.

आणि विषं. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, कारण तिचा निचरा करायची सोय त्याच्या यकृतात नाही. त्याच कारणाने फिनाईलही वाईट. आपण फरशी पुसतो, मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. कांदा-लसूण नको. लिलीची फुलं घरात नकोत, नुसते पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावायचं नाही. हे सगळं कुठल्याही मांजराला लागू आहे बरं का, बॉम्बे असो की गल्लीतलं.

हौसेच्या जातींचा एक हिशेब मात्र मला मोडता येत नाही. सत्तरच्या दशकाअखेरीस अमेरिकेत आखूड, गोलमटोल तोंडाची बर्मीज मांजरं फार आवडू लागली. ज्या जनुकामुळे तसं तोंड व्हायचं, ते आई आणि वडील दोघांकडून आलं की पिल्लू डोक्याची भयंकर विकृती घेऊन जन्मायचं. जगायचं नाही. बर्मीजशी संकर चालू असल्याने तो दोष बॉम्बेतही उतरला. जनुक सापडून २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. आता त्याची चाचणी करता येते आणि चांगले लोक ती करतात. पण मधली तीस-पस्तीस वर्षं लोकांनी ते तोंड सोडलं नाही. गोंडस तोंडासाठी मेलेली पिल्लं! हा रोग आपल्या घोड्या-बैलांच्या शौकिनांतही नव्हता.

परत आल्यावर कळलं, आमच्या सोसायटीतल्या एका तरुण जोडप्याने बारा हजार रुपये मोजून 'ओरिजिनल बॉम्बे' विकत घेतलं. वंशावळीचा कागद नाही, आईबाप पाहिले नाहीत. डोळे हिरवे. छान आहे पिल्लू, पण ते आपलं देशी काळं मांजर आहे. दुकानदाराने बहुधा कुणाच्या तरी जिन्याखालून फुकट उचललं असेल.

हेच काळं पिल्लू जिन्याखाली असतं तर त्यांनीच त्याला हाकललं असतं, हे मला फार लागतं. काळं मांजर अपशकुनी. युरोपात ही कल्पना जुनी. पोप नववा ग्रेगरी याच्या १२३३च्या पत्रात पाखंड्यांच्या विधीत काळं मांजर येतं. त्याने मांजरं मारायचा हुकूम काढला असं हल्ली जिकडेतिकडे लिहितात, ते मात्र त्या पत्रात नाही. इंग्लंडमध्ये १५६६ साली चेटकीण म्हणून ॲग्नेस वॉटरहाऊस या बाईला फाशी दिली. तिच्या खटल्यातलं 'सैतान' नावाचं मांजर तर पांढऱ्या ठिपक्यांचं होतं! पुढे त्याच इंग्लंडात काळं मांजर आडवं गेलं तर शुभ मानू लागले. आपल्याकडे कुठलंही मांजर आडवं गेलं तरी चार पावलं मागे. आणि षष्ठीदेवीचं वाहन म्हणून बंगाल्यात मांजराला हात जोडतात, ती षष्ठी म्हणजे आपल्या सटवाईचीच बहीण. सगळा मनाचा खेळ.

तर आमच्या पार्किंगमधल्या मांजरीला चार पिल्लं झाली. तांबूस दोन गेली, पांढरं-करडं एक गेलं. काळं उरलंय. सहा आठवड्यांचं आहे. मांजर माणसाळतं ते मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जेवढे हात लागतील त्यावर, असं वाचल्यापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास खाली जाऊन त्याला हाताळते. गुडघे बोलतात, पण ते तसेही बोलतातच. पिल्लू आता मांडीत झोपतं. शाईइतकंच. त्याला केंटकीहून काही यावं लागलं नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू चौऱ्याहत्तर वर्षांची. मांजर पंधरा वर्षं जगतं. हिशेब केलास?" केला. गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला घरी बोलावलं, चहा-पोहे केले आणि स्पष्ट विचारलं, की माझ्यामागे हिला कोण घेईल. त्यांच्या मुलीची बारावी आहे, तिला प्राणी आवडतात. तिच्या आईने होकार दिला. मी तो कागदावर लिहून घेतला, त्यावर त्या हसल्या, पण सही केली. खर्चासाठी बँकेत एक छोटी ठेव वेगळी काढून ठेवली आहे. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लाला आईपासून तोडायचं नाही. तोवर खिडक्यांना जाळी लावून घ्यायची, पाचवा मजला आहे. जाळीवाला शनिवारी येतो म्हणालाय. नाव अजून ठरलेलं नाही. नात म्हणते, 'मुंबई' ठेव.